लहान मित्रदेशाला भारताकडून गस्तनौका कशी मिळते? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची सगळी वाट

गोव्यात वास्कोच्या शिपयार्डमधून दुसऱ्या देशाची बोट बाहेर पडली की चर्चा सुरू होते, फुकट दिली काय, आपल्या पैशातून दिली काय, आणि आमचे रस्ते आधी करायचे सोडून मॉरिशसला बोटी कशाला. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायचं तर आधी हे कळायला हवं की बोट देशाबाहेर जायचे रस्ते चार आहेत, रोखीची विक्री, सवलतीचं कर्ज, अनुदान, आणि आपल्या ताफ्यातली चालू बोट भेट देणं. प्रत्येकाचे कागद वेगळे. आपण सगळ्यांना सरसकट "मदत" म्हणतो आणि तिथेच गोंधळ होतो.

गोवा शिपयार्डचंच घ्या. श्रीलंकेच्या नौदलासाठी इथे बांधलेल्या सयुराला (२०१७) आणि सिंदुराला (२०१८) या ऑर्डरच्या बोटी, २०१४ मध्ये करार झाला होता. म्हणजे गिऱ्हाईक आणि कारखाना. पण २०२२ मध्ये श्रीलंकेच्या नौदलासाठी ४,००० टनांचा तरंगता ड्रायडॉक (बोट पाण्याबाहेर घेऊन दुरुस्त करायची गोदी) बांधायचं ठरलं ते भारत सरकारच्या अनुदानातून, साधारण १ कोटी ९८ लाख डॉलर. कारखाना तोच, देश तोच, पण पैसे भरणारा वेगळा. उलट व्हिएतनामला २०२३ मध्ये आयएनएस कृपाण दिली ती आपल्या नौदलात चालू असलेली शस्त्रसज्ज युद्धनौका होती, ती सरळ भेट.

अर्ज कोण करू शकतं

फक्त सरकार. म्हणजे त्या देशाचं केंद्र सरकार, त्यांच्या संरक्षण किंवा परराष्ट्र खात्यामार्फत. एखाद्या बेटाची स्थानिक परिषद, पक्ष, खासगी सुरक्षा कंपनी, कोणीही नाही. देशाशी आपले संबंध कसे आहेत ते परराष्ट्र मंत्रालय ठरवतं आणि खरं सांगायचं तर पात्रतेचा सगळ्यात मोठा निकष हाच, बाकीचं नंतर. संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी असलेला देश बाद. कर्ज मागत असेल तर त्याची आधीची कर्जं किती, उत्पन्न गट कुठला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची कर्जाबाबतची अट लागू आहे का हे बघितलं जातं.

लहान देश म्हणजे किती लहान ते पण समजून घ्या. सेशेल्सची लोकसंख्या लाखाच्या आसपास, आपल्या सासष्टी तालुक्यापेक्षा कमी, आणि त्यांनी सांभाळायचं समुद्रक्षेत्र १३ लाख चौरस किलोमीटरहून जास्त. चाचेगिरी, ड्रग्ज, परदेशी ट्रॉलरनी मासळी ओरबाडून नेणं, हे सगळं त्या पाण्यात होतं आणि तिथून ते आपल्या किनाऱ्यापर्यंत येतं. इतकी थोडी माणसं एवढा मोठा समुद्र स्वतःच्या बळावर राखू शकत नाहीत, त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून मला ही मदत योग्य वाटते.

अर्ज कुठे आणि कसा

दिल्लीत कुठला फॉर्म भरायचा नसतो. त्या देशाचं सरकार भारताच्या तिथल्या वकिलातीकडे किंवा हाय कमिशनकडे लेखी मागणी देतं. मागणी तिथून परराष्ट्र मंत्रालयात येते, संरक्षण मंत्रालय आणि नौदल किंवा कोस्ट गार्डचं मत घेतलं जातं, आणि पैशाचा विषय असला की अर्थ मंत्रालय.

कर्जाचा रस्ता, ज्याला लाईन ऑफ क्रेडिट म्हणतात, तो सगळ्यात लांब. याची नियमावली २०१५ ची, पुढे तिच्यात बदलही झालेत. मागणीसोबत प्रकल्पाचा अहवाल आणि खर्चाचा अंदाज लागतो. भारत सरकारची मंजुरी झाली की एक्झिम बँक (आयात-निर्यातीला कर्ज देणारी आपली सरकारी बँक) त्या सरकारशी करार करते, पण सही झाली म्हणजे कर्ज सुरू झालं असं नाही, त्या सरकारकडून मंजुरीचे कागद आणि कायदेशीर अभिप्राय आल्यावरच करार लागू होतो, आणि इथे बरेच महिने जातात. मग बोट बांधणाऱ्या भारतीय कंपनीशी त्यांचं कंत्राट होतं, ते एक्झिम बँक तपासते, आणि पैसे थेट त्या कंपनीला मिळतात. घरकर्जात बँक चेक बिल्डरच्या नावाने काढते तसंच. त्या देशाच्या तिजोरीत रोकड जात नाही, आणि साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. फेडीची मुदत २०१५ च्या नियमांत देशाच्या गटाप्रमाणे १५, २० किंवा २५ वर्षं, त्यात पहिली ५ वर्षं मुद्दल द्यायचं नाही. "आपले पैसे बुडाले" म्हणणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

वेळ किती लागतो? व्हिएतनामला १० कोटी डॉलरचं कर्ज २०१४ मध्ये ठरलं आणि त्यातल्या १२ वेगवान गस्ती बोटी सगळ्या मिळून पोचल्या २०२२ मध्ये, त्यातल्या ५ भारतात बांधल्या आणि ७ व्हिएतनाममध्येच. मालदीवला संरक्षणासाठी ५ कोटी डॉलरचं आणि मॉरिशसला १० कोटी डॉलरचं कर्ज २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं होतं, अशी बातमी वाचून लोकांना वाटतं उद्या बोट निघणार. तसं नसतं.

कागदपत्रं

सरकारचं मागणीपत्र आणि कर्ज असेल तर वर सांगितलेले कागद, हे झालंच. याशिवाय एक कागद असा की तो नसेल तर काहीच हलत नाही, एंड यूजर सर्टिफिकेट. त्या देशाचं सरकार लिहून देतं की ही सामग्री आम्हीच वापरणार, ठरल्या कामालाच वापरणार, आणि भारताला विचारल्याशिवाय तिसऱ्याला देणार नाही. लष्करी सामग्री स्कोमेट यादीत, म्हणजे परवानगीशिवाय निर्यात करता न येणाऱ्या मालाच्या यादीत, ६ व्या गटात येते आणि तिची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो, अर्ज ऑनलाईन होतो पण तो भारतीय निर्यातदाराने करायचा, परदेशी सरकारने नाही. ही गल्लत पेपरवाले पण करतात.

आणि आता ज्या कागदाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, देखभाल आणि माणसं. बोट कोण चालवणार, इंजिन कोण उघडणार, सुटे भाग कुठून येणार, पाच वर्षांनी रिफिट म्हणजे मोठी दुरुस्ती कुठे, हे पहिल्याच मागणीत लिहिलेलं असलं पाहिजे. श्रीलंकेच्या कोस्ट गार्डला दिलेल्या सुरक्षा या बोटीसाठी २०२४ मध्ये भारताने साधारण १२ लाख डॉलरचे सुटे भाग दिले, म्हणजे बोट देऊन विषय संपत नाही, तो तिथून सुरू होतो. मालदीवची हुरावी ही गस्ती बोट २००६ मध्ये दिली होती, २०२३ मध्ये तिच्या जागी दुसरी द्यावी लागली.

माणसांचा प्रश्न तर आणखी नाजूक. मालदीवला दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान दिलं होतं, सोबत ती चालवायला आपले लष्करी कर्मचारी. २०२३ ला तिथे सरकार बदललं, परदेशी सैन्य नको हाच निवडणुकीचा मुद्दा झाला होता, आणि १० मे २०२४ पर्यंत आपली सगळी लष्करी माणसं परत आली, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. विमानं तीच, काम तेच, फक्त कपडे बदलले. ही अट पहिल्या दिवसापासून नागरी तंत्रज्ञांची ठेवली असती तर एवढा तमाशा झाला नसता असं माझं ठाम मत आहे. लहान देशाला स्वतःच्या सार्वभौमत्वाची काळजी मोठ्या देशापेक्षा जास्त असते, आम्ही मदत करतोय म्हणून त्यांनी मान खाली घालावी ही अपेक्षाच चूक.

म्हणून प्रशिक्षणाचा रस्ता मला सगळ्यात चांगला वाटतो. परदेशी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी भारताची आयटेक योजना १९६४ पासून चालू आहे, तिच्यात लष्करी अधिकाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे. अधिकारी स्वतः अर्ज करून येऊ शकत नाही, त्याच्या सरकारने नाव पाठवायचं, तेही आपल्या वकिलातीमार्फतच. आपल्या वेरेंच्या नेव्हल वॉर कॉलेजतर्फे २०१७ पासून गोवा मेरीटाईम कॉन्क्लेव्ह ही सागरी परिषद भरते, त्याला हिंदी महासागरातल्या देशांचे नौदल आणि सागरी दलांचे प्रमुख निमंत्रणावरून येतात, तिथे अर्जबिर्ज काही नसतो. आणि एप्रिल २०२५ मध्ये कारवारहून आयएनएस सुनयना निघाली, तिच्यावर ९ मित्रदेशांचे ४४ नौसैनिक आपल्या लोकांसोबत ड्युटी करत होते. सुनयना गोवा शिपयार्डचीच बोट.

अमेरिकेची पद्धत थोडक्यात, कारण तुलना होतेच. तिथे पण आधी त्या देशाचं लेटर ऑफ रिक्वेस्ट, मग अमेरिकेची लेखी ऑफर, मोठी रक्कम असेल तर संसदेला १५ किंवा ३० दिवस आधी कळवणं, आणि ज्या तुकडीला मदत जाणार तिने मानवाधिकाराचं गंभीर उल्लंघन केलंय का याची तपासणी, याला लेही कायदा म्हणतात.

आपल्याकडच्या लहान कारखानदारांसाठी

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचं फॅब्रिकेशन, केबल ट्रे, पाईपिंग, फर्निचरचं काम आहे त्यांना वाटतं की परदेशी बोटीचं काम म्हणजे निर्यात परवाना लागणार. शिपयार्डला माल देत असाल तर तो देशातलाच पुरवठा, परवाना शिपयार्ड बघतं. तुम्हाला उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी आणि शिपयार्डची व्हेंडर नोंदणी हवी. सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची आहे, त्यामुळे उद्यमचं सर्टिफिकेट अपडेट ठेवा. सुटा भाग थेट परदेशी नौदलाला पाठवायचा असेल तर मात्र आयईसी कोड (आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक), स्कोमेटची परवानगी आणि त्यांच्या सरकारचं एंड यूजर सर्टिफिकेट, तिन्ही तुमच्या नावावर लागतात, आणि त्यातलं शेवटचं हातात आल्याशिवाय माल बनवायला घेऊ नका.