विषय ताजा की टिकाऊ? आधी वाचणाऱ्याचा प्रश्न बघा

सोलापुरात नव्याने लिहू लागलेल्यांशी बोलताना एक वाद हमखास निघतो: चालू घडामोडींवर लिहावं की कायम वाचलं जाईल असं काही? आणि दर वेळी वाटणी तीच होते. पाऊस, पाणी, महापालिका, रेल्वे म्हणजे ताजे विषय. सिद्धेश्वर, भुईकोट किल्ला, चादर, शेंगाचटणी म्हणजे टिकाऊ विषय. ही वाटणी मुळातच चुकीची आहे आणि तिच्यापायी चांगले लिहिणारे वाया जाताना मी बघतो.

ताजं लेखन कसं असतं हे समजावायची गरज नाही, आपण सगळे सकाळी पेपर उघडतोच. मुंबई-सोलापूर वंदे भारत 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झाली, तेव्हा तिच्या वेळा आणि थांबे सगळ्यांना हवे होते. आज ते कुणी जुन्या लेखात शोधणार नाही. एवढं पुरे.

खरी गफलत पुढे आहे. ताजेपणा विषयात नसतो, वाचणाऱ्याच्या प्रश्नात असतो. एकाच विषयावर दोन माणसं दोन प्रश्न घेऊन येतात; एकाचं उत्तर आठवड्यात शिळं होतं, दुसऱ्याचं दहा वर्षं चालतं.

सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणाचंच घ्या. दर उन्हाळ्यात मथळा येतो, ‘उजनी उणे वीस टक्के’. गावभर तीच चर्चा. लिहिणाराही तोच आकडा उचलतो, खाली ‘सोलापूरकरांची चिंता वाढली’ असं लिहितो आणि मोकळा होतो. चार दिवसांनी आकडा बदलला की लेख संपला. पण चहाच्या टपरीवर माणसं खरं काय विचारतात? धरणात पाणी उणे कसं असू शकतं? रिकामं म्हणजे शून्य, त्याच्या खाली काय? हा प्रश्न मागच्या उन्हाळ्यातही होता, पुढच्याही उन्हाळ्यात असेल.

त्याचं उत्तर असं. उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी, आणि वरचा साधारण 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणजे शून्य टक्के म्हटलं तेव्हाही धरणात 63 टीएमसीपेक्षा जास्त पाणी असतं. उणे वीस म्हणजे मृतसाठ्यातून 53.57 चे वीस टक्के, जवळपास 10.7 टीएमसी, गेलेलं. तरी 53 टीएमसीच्या आसपास शिल्लक. म्हणूनच 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नासच्याही खाली गेला, तरी धरण कोरडं पडलं नाही. एवढं कळलं की वाचणारा पुढची प्रत्येक बातमी स्वतः वाचू शकतो. शिवाय मृतसाठ्यात गाळही असतो, त्यामुळे कागदावरचं सगळं पाणी हाताला लागत नाही, हेही तिथेच सांगता येतं.

एकच धरण, एकच आकडा. ‘आज किती?’ हा ताजा प्रश्न आणि ‘उणे म्हणजे काय?’ हा टिकाऊ. पाण्याचा विषय म्हणून दोन्ही एका खणात टाकणं चूक आहे. आणि दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हेच उलट्या बाजूनेही होतं. विषय जुना म्हणून लेख टिकेल असं समजतात. सोलापुरी चादरीला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून चादरीवर काहीही लिहिलं तरी टिकेल? ‘चादर कुठे घ्यावी’ असा लेख लिहून त्यात दुकानांचे भाव टाकले, तर तो दिवाळीपर्यंतसुद्धा तग धरत नाही. जकार्ड मागावर नक्षी विणली कशी जाते, विणलेली नक्षी आणि छापलेली नक्षी उलट बाजूवरून कशी ओळखायची, हे लिहा. भाव बदलतील, ही ओळख बदलणार नाही.

गड्ड्याच्या यात्रेचं, म्हणजे सिद्धेश्वरांच्या (सिद्धरामेश्वरांच्या) संक्रांतीच्या यात्रेचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. दर वर्षी येते, मग ती कुठल्या बाजूची? पुन्हा प्रश्नच बघा. यंदा मिरवणुकीचा मार्ग कोणता, वाहनं कुठे लावायची, हे त्या आठवड्यापुरतं. मिरवणुकीतल्या उंच काठ्या म्हणजे नंदीध्वज कशासाठी, भोगीला अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक लग्न, का होतो, कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाला संमती दिली ही आख्यायिका, संक्रांतीचा होमविधी, हे कायमचं. माझा आग्रह असा की हे दोन लेख वेगळे ठेवावेत. गेल्या वर्षीच्या लेखात साल बदलून तोच पुन्हा देणाऱ्यांची मला चीड येते. त्यात जुना मार्ग तसाच राहतो आणि बाहेरगावहून आलेला माणूस बंद रस्त्यावर जाऊन उभा राहतो.

एकट्याने लिहिणाऱ्याने ताज्याच्या मागे फार धावू नये, असं माझं ठाम मत आहे. वार्ताहर तिथे आधी पोचतो आणि त्याच्यामागे अख्खं कार्यालय असतं. अपवाद एकच: तुम्ही स्वतः तिथे होतात आणि जे पाहिलं ते दुसऱ्या कुणाकडे नाही. तेव्हा त्याच रात्री लिहा.

शब्दांबद्दलही सांगायला हवं. टिकाऊ लेखात ‘नुकतेच’, ‘सध्या’, ‘यंदा’ दिसले की मला टोचतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. दर जानेवारीत त्यांच्यावर लेख येतात आणि बहुतेकांची सुरुवात ‘आजच्याच दिवशी’ अशी असते. तो लेख जुलैत एखाद्या विद्यार्थिनीच्या हाती पडला तर ‘आज’ म्हणजे कोणता दिवस? लेख खुशाल 12 जानेवारीला द्या, त्या दिवशी तो हजारोंना हवा असतो. पण पहिल्या ओळीत तारीख आणि वर्ष पूर्ण लिहा, आणि 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ का लागला हे दुसऱ्या परिच्छेदातच सांगा. त्या विद्यार्थिनीला नेमकं तेच हवं असतं.