यहूदाचे पत्र

बायबलच्या नव्या करारातील ‘प्रकटीकरणा’आधीचे छोटे ग्रीक पत्र. एकच अध्याय, 25 वचने. मंडळीत चोरपावलांनी शिरून देवाच्या कृपेच्या नावाखाली स्वैराचार माजवणाऱ्या शिक्षकांपासून ते सावध करते. या शिक्षकांना नॉस्टिक पंथीय (गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते असे मानणारे) ठरवण्याची जुनी प्रथा अलीकडे मागे पडली आहे.

लेखक स्वतःला ‘येशू ख्रिस्ताचा दास व याकोबाचा भाऊ’ म्हणवतो. येशूच्या भावांत याकोब व यहूदा ही नावे येतात (मार्क 6:3). परंपरेने हा तोच यहूदा. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत दोघांची नावे वेगळी लिहितात, मराठी बायबलात मात्र ग्रीकप्रमाणे एकच. पत्रातील ग्रीक सफाईदार असल्याने दुसऱ्याच कोणी हे नाव घेतले असावे, असे काही अभ्यासक मानतात. पण आडोसाच हवा तर इतके अपरिचित नाव कोण निवडेल? रचनाकाळ इ. स. 50 ते 110 यांदरम्यान कुठेही धरला जातो. नव्या करारातील 2 पेत्र (पेत्राचे दुसरे पत्र), अध्याय 2 याच्याशी असलेले साम्य उघड आहे. यहूदाचे पत्र आधीचे, हे मत आज बहुमान्य आहे.

खरा वाद बहुतेक मंडळ्यांच्या बायबलात नसलेल्या आधारग्रंथांचा. वचने 14–15 मध्ये आदामाचा वंशज हनोख याचे म्हणून दिलेले भाकीत ‘हनोखाच्या पुस्तका’तील (1:9) आहे. हा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात फक्त इथिओपियातील गीझ भाषेत टिकला. मृत समुद्राजवळील कुमरानच्या अरामी तुकड्यांत याच वचनाचा काही भाग मिळाला आहे. मोशेच्या शरीरावरून देवदूत मीखाएल व सैतान यांच्यात झालेला वाद (वचन 9) ‘मोशेचे स्वर्गारोहण’ या ग्रंथातून आल्याचे तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ऑरिजेन सांगतो. उपलब्ध लॅटिन प्रत शेवटी खंडित असून तिच्यात हा प्रसंग नाही. 2 पेत्रात हनोखाचे अवतरण नाही आणि मोशेचे नावही नाही. उत्तरकालीन लेखकाने अडचणीचा मजकूर गाळला, हे अधिक संभवते.

प्राचीन ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने उलटा युक्तिवाद केला : यहूदा साक्ष देतो, म्हणून हनोखही ग्राह्य. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याच्या काळी मात्र याच अवतरणामुळे पुष्कळ जण पत्रच नाकारत. चर्चचा इतिहासकार युसेबियसने ते वादग्रस्त लेखनात घातले. सिरियाक भाषेतील बायबल ‘पेशित्ता’ यात ते मुळात नव्हते. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या 367 मधील नव्या कराराच्या ग्रंथांच्या यादीत ते आहे. धर्मसुधारक लूथरने 1522 च्या जर्मन नव्या करारात इब्री, याकोब व प्रकटीकरण यांच्यासह त्याला शेवटी, अनुक्रमांकाविना बसवले.