त्रान्सफुगा : रोमन छावणीतून राजकारणात

स्पेनमध्ये निवडून आलेला नगरसेवक पक्ष सोडून समोरच्या बाकांवर जाऊन बसला, की वर्तमानपत्रे त्याला 'त्रान्सफुगा' म्हणतात. शब्द थेट रोमन सैन्यातला. 'त्रान्स' म्हणजे पलीकडे आणि 'फुगेरे' म्हणजे पळणे.

रोमन कायद्याला पळून जाणारे सगळे सारखे वाटत नव्हते. भटकून आपणहून छावणीत परतणारा 'एमान्सोर', पकडून आणावा लागलेला 'देसेर्तोर', ही मोदेस्तिनुस या विधिज्ञाने दिलेली व्याख्या. या दोघांना शिक्षा ठरवताना हुद्दा, आधीची चाकरी, युद्ध चालू आहे की शांतता, हे बघितले जाई. शत्रूला जाऊन मिळालेल्या त्रान्सफुगाला अशी सवड नव्हती. तो दिसेल तिथे त्याला शत्रू समजून ठार मारण्याची मुभा होती. युद्धकैदी सुटून आला तर त्याचे नागरिकत्वाचे हक्क परत मिळत; याचे मिळत नसत. पळपुटा वेगळा आणि फितूर वेगळा, इतका साधा हिशेब. रोम आणि कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या अखेरीस, इ.स.पू. २०१ मध्ये, कार्थेजने असे फितूर रोमच्या हवाली केले. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, की त्यांतल्या लॅटिन मित्रराष्ट्रांच्या सैनिकांचा शिरच्छेद झाला आणि रोमन होते त्यांना क्रुसावर चढवले. आपला माणूस फुटला की राग जास्त, हे तेव्हाही होतेच.

गंमत अशी, की हा शब्द सैनिकांच्या तोंडून पुढच्या भाषांत आलेला नाही. तसा आला असता तर झिजला असता. 'फुगेरे' स्पॅनिशमध्ये झिजून 'उईर' झाले, त्यातला 'फ' पार गेला. 'त्रान्सफुगा'त तो शाबूत आहे, कारण लॅटिन वाचणाऱ्या पंडितांनी तो ग्रंथांतून उचलला. इटालियन, पोर्तुगीज आणि फ्रेंच ('त्रांस्फ्यूज') यांचीही तीच कथा. पुल्लिंगी असून शेवटी 'आ', हे काही स्पॅनिश भाषकांना खटकले असावे. 'त्रान्सफुगो' असेही एक रूप कोशात आहे.

राजकारणात तो रुजला तो स्पेनच्या लोकशाहीत. १९८३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ठरवले, की जागा निवडून आलेल्या व्यक्तीची, पक्षाची नव्हे. म्हणजे आपल्या १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या नेमके उलट. कायद्याचा मार्ग अडल्यामुळे १९९८ मध्ये पक्षांनी आपसात करार केला, की दुसऱ्याचे फुटलेले नगरसेवक वापरून सत्ता मिळवायची नाही. तो पुन्हा पुन्हा नव्याने करावा लागला, यावरून काय ते समजावे. पेरूत तर या शब्दाने सरकार हादरवले. १४ सप्टेंबर २००० रोजी एक चित्रफीत दाखवली गेली : गुप्तहेर खात्याचा सूत्रधार मोन्तेसिनोस विरोधी पक्षाच्या कोउरी या खासदाराला सरकारी बाजूला येण्यासाठी १५,००० डॉलर मोजून देतो आहे. नोव्हेंबरात अध्यक्ष फुजिमोरी जपानला निघून गेले आणि तिथून राजीनामा फॅक्सने पाठवला.

फ्रेंचमध्ये शब्दाने वेगळेच वळण घेतले. गरीब घरातून शिकून वरच्या वर्गात गेलेल्याला तिथे 'त्रांस्फ्यूज द क्लास' म्हणतात. २०२२ च्या नोबेल विजेत्या लेखिका आनी एर्नो स्वतःबद्दल तो वापरतात. त्यांचे आईवडील नॉर्मंडीतल्या इव्हतो गावात किराणा दुकान आणि कॅफे चालवत. त्यांच्या तोंडी या शब्दात अपराधीपणाही आहे आणि थोडा अभिमानही. तत्त्वज्ञ शांताल जाके यांना मात्र त्यातला फितुरीचा वास नको होता. २०१४ मध्ये त्यांनी पर्याय सुचवला, 'त्रांसक्लास' : 'पलीकडे' ठेवले, 'पळणे' काढून टाकले.