हूवर इन्स्टिट्यूशन: सुरुवात कागदपत्रांपासून

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातली हूवर इन्स्टिट्यूशन ही धोरण-संशोधन संस्था मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करते. म्हणून हर्बर्ट हूवर यांनी अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर याच प्रचारासाठी ती काढली, असं सर्रास सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. हूवर राष्ट्राध्यक्ष झाले १९२९ साली आणि संस्थेचा जन्म १९१९ चा! पहिल्या महायुद्धाची कागदपत्रं नष्ट होऊ नयेत म्हणून त्यांनी पॅरिसहून आपल्या जुन्या विद्यापीठाला तार केली आणि ५०,००० डॉलर देऊ केले. पत्रकं, पोस्टर, वर्तमानपत्रं, म्हणजे एरवी रद्दीत गेली असती अशी चिटोरी, तिथे जपली गेली. मला हे काम फार मोलाचं वाटतं. मर्यादित सरकार, खासगी उद्योग, व्यक्तिस्वातंत्र्य ही भूमिका हूवर यांनी संस्थेसाठी स्पष्ट शब्दांत मांडली ती थेट १९५९ मध्ये, स्थापनेनंतर ४० वर्षांनी.