मुक्त इंटरनेट आणि लोकांची माध्यमे (सातारा–सांगली)

ज्याने डेटाचे पैसे भरले त्याला हवे ते संकेतस्थळ, हवे ते ॲप सारख्याच दरात आणि सारख्याच वेगाने मिळावे, मधल्या कंपनीने त्यात डावे-उजवे करू नये, याला मुक्त इंटरनेट म्हणतात. माध्यमसुधारणेची मागणी याहून जुनी आहे: बोलण्याची साधने सरकारच्या किंवा मोजक्या धनिकांच्या हाती न राहता गावालाही मिळावीत. सातारा-सांगलीकडे या मागणीची मुळे खोल आहेत. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाड तालुक्यातील टेंभूचे. कोल्हापूरच्या दिवाणांवर ‘केसरी’तून टीका केल्याच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, म्हणजे कोल्हापूर प्रकरणात, १८८२ साली त्यांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. टेंभू म्हटले की आज उपसा सिंचन योजना आठवते. छापील शब्दापायी तुरुंगात गेलेला माणूसही त्याच गावचा, हे सांगायला हवे.

मुक्त इंटरनेटचा मुद्दा सांगलीच्या हळदीवरून चटकन कळतो. शेतकरी सौद्याला निघण्याआधी मोबाइलवर भाव पाहतो, सांगलीचा, वसमतचा, निजामाबादचाही. काल काय दर निघाला यावर पोती आज गाडीत भरायची की आठ दिवस थांबायचे ते ठरते. २०१५ साली फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ पुढे केले: मोजकी संकेतस्थळे फुकट, बाकी इंटरनेटला पैसे. त्या डिसेंबरात मार्क झुकेरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून या योजनेची बाजू मांडली आणि दाखला दिला तो महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचा, ज्याला हवामान आणि बाजारभाव फुकट कळतात. दाखला मनाला भिडणारा होता, पण अर्धाच होता. भाव कुठे पाहायचा, हे त्यात शेतकरी ठरवत नाही. फुकटच्या यादीत कोण असेल ते कंपनीच्या अटींवर ठरते. त्याच वर्षी ‘ट्राय’कडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, दहा लाखांहून अधिक लोकांनी ईमेल पाठवून मुक्त इंटरनेटचा आग्रह धरला होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली. बंदी मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे याच मुक्त इंटरनेटची, तत्त्वे मान्य केली.

रेडिओची लढाई याआधीची. ‘रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे’ असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारे उघडली. त्यातूनच माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आणि जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ उभी राहिली. १०० वॅटचे प्रक्षेपण, दहा-पंधरा किलोमीटरचा घेर. मेंढरांमागे हिंडणाऱ्या माणसाला साध्या मोबाइलला हेडफोनची वायर जोडली की पुरते. ती वायरच अँटेना होते, डेटा पॅक लागत नाही. आणि आवाज येतो तो आपल्या बोलीतला. माणदेशी बोली किंवा जतकडची कानडीत मिसळलेली मराठी मोठ्या वाहिन्यांवर क्वचितच ऐकू येते. मात्र या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. ग्रामसभेत काल काय ठरले हे गावाच्याच रेडिओने बातमी म्हणून सांगू नये, हा नियम अन्यायाचा आहे आणि तो बदलायलाच हवा.

असलेले इंटरनेट बंद होणे हा आणखी एक प्रश्न. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळीच्या दंगलीनंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवले गेले. अफवा रोखण्याचे कारण खोटे नसते, पण अफवा खोडून काढणारा माणूसही त्याच वेळी मुका होतो, आणि जिथे काहीच घडलेले नसते तिथल्या दुकानातही ऑनलाइन पैसे अडकतात. काश्मीरमधील इंटरनेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी असे बंदीचे आदेश जाहीर करणे सक्तीचे केले आणि बेमुदत बंदी अवैध ठरवली.

जिथे मुळात रेंजच नाही तिथे हे सगळे हक्क कागदावर राहतात. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात काही ठिकाणी फोन लागावा म्हणून उंचवटा गाठावा लागतो. २०२१ पासून पिकांची नोंद ‘ई-पीक पाहणी’ ॲपवर शेतकऱ्याने करायची आहे: बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तो वर पाठवायला रेंज शोधत जायचे. ती नोंद राहिली तर नुकसानभरपाई मागताना अडचण येते. ‘भारतनेट’ची ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना आहे, पण खोऱ्यातली घरे विखुरलेली, वाड्या-वस्त्यांची. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत मात्र किराणा दुकानदार किंवा चहाची टपरीसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकते.