पुण्यात सर्वसाधारण रुग्णालय उभारताना: परवानग्या, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याची ठिकाणे

पुणे महापालिकेच्या हद्दीत रुग्णालय बांधण्यासाठी जागेचा मालक किंवा त्याचा नोंदणीकृत कुलमुखत्यार परवानाधारक वास्तुविशारदामार्फत अर्ज करू शकतो. सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि झोन दाखला बहुतेकांकडे तयार असतो. लोहगाव विमानतळाच्या परिसरातील भूखंडाला उंचीसाठी हवाई दलाचे ना हरकत पत्रही लागते. अर्ज येथे क्वचितच अडतो. तो अडतो इमारत उभी राहिल्यावर, अग्निशमन दलाच्या अंतिम तपासणीत, आणि तेव्हा दुरुस्तीला वाव उरलेला नसतो.

मंजुरीच्या नकाशात भिंती असतात, पण त्यांतून जाणारे वातानुकूलनाचे डक्ट, वैद्यकीय वायूच्या नळ्या, केबल ट्रे आणि स्प्रिंकलरच्या वाहिन्या प्रत्येक सल्लागाराच्या वेगळ्या नकाशात असतात. शस्त्रक्रियागृहातील हवा तासाला किमान २० वेळा बदलावी लागत असल्याने तेथील डक्ट मोठे होते, तुळईखाली बसत नाही आणि मग ठेकेदार अग्निरोधक भिंत जागेवरच फोडतो. त्या ठिकाणी फायर डॅम्पर, म्हणजे आग लागताच डक्ट बंद करणारी झडप, बसवलेला नसतो, केबलभोवतीची पोकळी बुजवलेली नसते, आणि फॉल्स सीलिंग लागले की हे दिसतही नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत १० नवजात बालके दगावली; त्यानंतर तरी ही तपासणी कुणी कागदोपत्री मानू नये.

यावर उपाय म्हणजे सर्व सेवांचा एकत्रित समन्वय नकाशा. तो सहसा कागदपत्रांच्या यादीत मागितलाच जात नाही, ही खरोखर खेदाची बाब आहे, कारण त्याच्या अभावामुळे होणाऱ्या चुकांवरून नंतर अर्ज परत येतात. स्लॅब ओतण्यापूर्वी तो करून घ्या, त्यावर स्थापत्य, विद्युत, वातानुकूलन, प्लंबिंग आणि वैद्यकीय वायू या सर्व सल्लागारांच्या सह्या घ्या, आणि छत झाकण्यापूर्वी भिंतीतील प्रत्येक छिद्राचे छायाचित्र जपून ठेवा.

द्रवरूप ऑक्सिजनची टाकी हा दुसरा अडसर आहे. १००० लिटरपेक्षा मोठ्या टाकीला पेसोचा, म्हणजे स्फोटके व दाबपात्रांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, परवाना लागतो व सुरक्षित अंतर राखावे लागते. ती मागाहून सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, बसवली की अग्निशमन बंबाची वाट अडते. तिची जागा पहिल्याच नकाशात दाखवा. सीटी स्कॅन व क्ष-किरण कक्षासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर, तर जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

मुदतींबाबतही गैरसमज आहेत. २००६ च्या महाराष्ट्र अग्निसुरक्षा अधिनियमानुसार परवानाधारक संस्थेचे देखभाल प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते; अंतिम दाखला मिळाला म्हणून ही जबाबदारी संपत नाही. रुग्णालय चालवण्यासाठी लागणाऱ्या शुश्रूषागृह नोंदणीची मुदत दाखल्याच्या तारखेपासून मोजू नये, कारण ती तिसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन दाखला हाती असल्याशिवाय या नोंदणीचा अर्ज करू नये.