आणेवारीपासून पाण्याच्या ताळेबंदापर्यंत: मराठवाड्यातील हवामान नोंदींची पार्श्वभूमी

मराठवाड्यात पावसाची नोंद दीर्घकाळ महसुलाच्या हिशेबासाठी ठेवली गेली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या आठ जिल्ह्यांत पीक बुडाले तर टंचाई जाहीर करायची की नाही, सारा माफ करायचा की नाही, हे तहसिलीच्या आवारातील पर्जन्यमापक आणि गावाची आणेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज (आजची पैसेवारी), यांवर ठरत असे. पैसेवारी 50 पैशांच्या खाली आली की सवलती मिळत. हवामानच बदलत आहे काय, हे या नोंदींवरून तपासण्याची गरज तेव्हा कुणाला भासली नव्हती.

1972 च्या दुष्काळानंतर दृष्टी बदलू लागली. रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव आणि नालाबांध उभे राहिले. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा या दोन्ही संस्था त्याच वर्षीच्या. भूजल यंत्रणेने निवडलेल्या निरीक्षण विहिरींवर कर्मचारी ठरावीक महिन्यांत जाऊन काठापासून पाण्यापर्यंतची खोली टेपने मोजतात आणि ती मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. काम साधे आहे, पण माझ्या मते या प्रदेशाची सर्वांत खरी कहाणी याच आकड्यांत आहे. येथील काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवत नाही. जे मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. त्यामुळे दिवाळीत तुडुंब दिसणारी विहीर वैशाखात तळ गाठू शकते, आणि वर्षाच्या एकूण पावसाचा आकडा ही घसरण दाखवत नाही.

तापमानवाढीची राष्ट्रीय पातळीवरील दखल बरीच नंतरची. हवामान बदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा 2008 मध्ये आला आणि या बदलाशी जुळवून घेण्याचा राज्याचा अनुकूलन आराखडा 2014 मध्ये तयार झाला. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने काढणीला आलेली रब्बी पिके झोडपली, पाठोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे सप्टेंबर 2025 मध्ये याच विभागात पुराने जमिनी खरवडून नेल्या. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले. तापलेली हवा अधिक बाष्प धरते, म्हणून पावसाचा लांबलेला खंड आणि एका रात्रीची अतिवृष्टी ही दोन्ही संकटे आता एकाच हंगामात येऊ शकतात.

गावांनी मात्र आराखड्यांची वाट पाहिली नव्हती. जालना जिल्ह्यातील कडवंचीत 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने पाणलोटाची कामे झाली. पुढे शेततळी आली आणि त्यांच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. 2018 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पुष्कळ गावांत नेली: पडले किती, अडले किती, पिकांना लागणार किती. ऊस लावायचा की हरभरा, याची चर्चा ग्रामसभेत या आकड्यांवर होऊ शकते, ही मोठी गोष्ट आहे.

मोजणीची जाळी अजूनही विरळ आहे. ‘महावेध’ प्रकल्पामुळे महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, परंतु एका मंडळात अनेक गावे असतात. 24 तासांत 65 मिमीहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा निकष मंडळाच्या केंद्रावरील आकड्याला लागतो. ढग दुसऱ्याच शिवारावर फुटला तर वाहून गेलेल्या मातीची साक्ष त्या केंद्रात उमटत नाही आणि पंचनाम्यासाठी शेतकऱ्याला पदरमोड करून हेलपाटे घालावे लागतात. हवामानाच्या माहितीचे जाळे उभारण्याच्या केंद्र सरकारच्या 2023 च्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवणे अपेक्षित आहे. ते बसतील तेव्हा त्यांचे आकडे केवळ विमा आणि भरपाईच्या फायलींत न अडकता विहिरींच्या पातळीसोबत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत, कारण पुढच्या हंगामाची पेरणी त्यांवरच ठरायची आहे.